चांदीचं कासव

"काका, भूमिपूजनाला चांदीचं कासव मस्ट आहे का?" शेजारच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्या निखिलने काल विचारलं.

वीस वर्षांपूर्वी, ॲरिझोनातलं आमचं हे घर बांधण्याआधी, संरक्षित वाळवंटी कासवांच्या सर्व्हेवाल्या बाईंनी मला विचारलं होतं, इथे कासवाचं बीळ दिसलं का? मी ते आदल्याच दिवशी पाहिलं होतं. क्रिओसोटच्या झुडपाखाली, आत एक सुरकुतलेली मान हलत होती. मी "नो" म्हणालो.

"अहो, सांगा ना त्यांना!" बायको कुजबुजली.

"कासव हलवेपर्यंत काम थांबवतील, मुहूर्त टळेल गं."

गुरुजींनी खड्ड्यात चांदीचं कासव ठेवलं, मी मनोभावे हात जोडले. दुपारी त्या झुडपावरून बुलडोझर गेला.

आज सकाळपासून मी निखिलच्या प्लॉटवर प्रत्येक झुडपाखाली वाकून बघतोय.