काहूनताईंचा संशय

काहूनताई कुणाचंही पहिलं उत्तर खरं मानत नसत. बस उशिरा आली असं सांगितलं की त्या विचारत, "काहून?" रस्त्याचं काम चाललंय म्हटलं, तर काम आजच काहून निघालं? दुसरं आणि तिसरं उत्तर पहिल्याशी जुळलं, तर कुठे त्यांच्या कपाळावरची आठी जाई. डब्लिनमधल्या आम्हा मराठी मुलींमध्ये त्यांचं नाव त्यावरूनच पडलं होतं. त्या तेल्हाऱ्याकडच्या. नर्सिंग अकोल्यात शिकल्या आणि डब्लिनमध्ये एका वृद्धाश्रमात नोकरीला होत्या.

मी अमरावतीहून शिकायला गेले होते. त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून दार वाजवलं. दार साखळीपुरतंच उघडलं. मी अमरावतीची आहे म्हटल्यावर त्या खुश होतील असं मला वाटलं होतं, पण उलट त्यांचे डोळे बारीक झाले. गाववाले म्हणून गळ्यात पडणारे लोक त्यांनी बरेच पाहिले होते. त्यांनी विचारलं की अंबादेवीहून एकवीरेला जायचं तर ऑटो कुठून पकडायचा. मी गोंधळून म्हणाले, ऑटो कशाला, दोन्ही देवळं लागूनच तर आहेत. मग साखळी निघाली.

घराबाहेर पायपुसण्याशेजारी त्यांनी पुरुषाचे मोठे बूट ठेवले होते. जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेले. घरात पुरुष कुणीच नव्हता. दर रविवारी त्या बुटांना थोडा ओला चिखल लावत आणि जागा बदलत, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं की घरधनी आत्ताच आला. पार्सलवरचा पत्त्याचा कागद त्या बादलीत भिजत घालून त्याचा लगदा करत. मला या सगळ्याचं हसू येई. एकदा तसं बोलून दाखवलं, तर त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आपल्या गावात मानूस ओरडला तर दहा घरं धावून येतात. इथं कोन येईन, तेवढं सांग मले."

खालच्या मजल्यावर नोरा नावाच्या आजी एकट्या राहत. त्या दिवसभर खिडकीशी बसून जिन्याकडे आणि रस्त्याकडे पाहत असत. काहूनताईंचा त्यांच्यावर पहिल्यापासून संशय होता. "ही बुडी आपलं येनंजानं मोजून राहिली," असं त्या म्हणत, पण रोज थांबून तिला नमस्कारही करत. ज्याच्यावर संशय आहे, त्याच्याशी बोलणं तोडू नये, असं त्यांचं मत होतं. उलट घरमालक मला फार सज्जन वाटायचा. साठीचा, मऊ बोलणारा. नाताळात आमच्यासाठी केक घेऊन आला होता. केक खाताखाता त्याने आम्हाला कामाचे आणि कॉलेजचे वार विचारले. तो गेल्यावर ताईंनी उरलेला केक तसाच झाकून ठेवला आणि म्हणाल्या, "आपले वार याले काहून पाहिजे?" मी म्हटलं, सहज विचारलं असेल.

फेब्रुवारीत त्यांना घरातल्या वस्तू हललेल्या दिसू लागल्या. त्यांच्या कपाटाचा खण अर्धवट उघडा, पलंगावरची चादर वेगळ्या बाजूने खोचलेली. त्यांनी थेट मलाच विचारलं, माझ्या खोलीत तू काहून गेली होती? मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. आम्ही आठ दिवस बोललो नाही. स्वयंपाकही वेगळा झाला. घरी फोन करून मी आईला सांगितलं की ही बाई मला चोर समजते, मी दुसरी खोली पाहते. आई म्हणाली, पाह्य बाई, पण भांडून नको निघू.

त्या आठवड्यात बुधवारी आम्ही दोघी एकदमच बाहेर पडलो. बुधवारी आम्ही दोघीही संध्याकाळपर्यंत घरी नसायचो. दार ओढण्याआधी ताईंनी वाकून उंबऱ्याच्या आत आणि दोन्ही खोल्यांच्या दारांशी ज्वारीचं पीठ भुरभुरलं. फरशी फिकी होती, त्यामुळे ते दिसत नव्हतं. हे माझ्यासाठीच चाललंय असं समजून मी तणतणत जिना उतरले. संध्याकाळी त्या माझ्यासाठी खाली थांबलेल्या होत्या. बरोबरच वर गेलो. दार उघडून त्यांनी दिवा लावला आणि हाताने मला मागेच अडवलं.

पिठात बुटांचे ठसे होते. मोठे, पुरुषाचे. ताईंच्या खोलीच्या दाराशी दोन होते. माझ्या खोलीत शिरणारे मात्र पुष्कळ होते, कपाटापर्यंत आणि तिथून पलंगापर्यंत. दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. ताईंनी मला जिन्यातच बसवलं, ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढले आणि घरातल्या कशालाही हात न लावता मला घेऊन खाली उतरल्या. त्यांनी नोराआजींचं दार वाजवलं.

आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, तो दर बुधवारी अकराच्या सुमाराला येतो, तासभर थांबतो, स्वतःच्या किल्लीने दार उघडतो. तुम्हाला सांगून येत असेल असंच मला वाटत होतं. तो म्हणजे आमचा घरमालक. ताईंनी आजींचा हात हातात घेतला. वर्षभर त्या जिच्यावर पाळत ठेवून होत्या, तीच दुसऱ्या दिवशी काठी टेकत आमच्यासोबत पोलिसांत आली आणि वार-वेळेसकट साक्ष देऊन आली.

घरमालक म्हणाला की मी भिंतींची ओल तपासायला जात होतो. कपाटात कसली ओल, असं पोलिसांनी विचारलं. त्याला ताकीद मिळाली, कुलूप बदललं, आणि दोन महिन्यांनी आम्ही ते घर सोडलं. यापेक्षा मोठी शिक्षा झाली नाही. माझे कपडे मात्र मी दोनदोनदा धुतले, तरी त्यातले काही अंगावर घालावेसे वाटले नाहीत. ते ताईंनी न विचारता पिशवीत भरून टाकून दिले.

साक्षीच्या दिवशी पोलिसांतून परतल्यावर ताईंनी दोघींची भाकर थापली. ताट माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "म्या तुयावर संशय घेतला. चुकलं माहं." मी काही म्हणायच्या आत त्यांनी पुढे जोडलं, "पन पुन्हा घेनार नाई, असं म्हनत नाई मी." त्या घटनेनंतर मला पहिल्यांदा हसू आलं आणि त्यातच रडूही. नव्या घरात गेलो, तेव्हा सामान लावायच्या आधी त्या मला घेऊन वरखालच्या चारी घरी गेल्या. प्रत्येकाचं नाव विचारलं, आमची नावं सांगितली. नोराआजींकडे आम्ही रविवारी जायला लागलो. आजींना पिठलं तिखट लागायचं, पण त्या पाणी पीत पीत खायच्या.

मागच्या वर्षी काहूनताई कायमच्या परत गेल्या. विमानतळावर सामान दिल्यावर त्यांनी माझी वही मागितली. तीन वर्षं आम्ही एकत्र राहिलो, पण त्यांच्या नवऱ्याचं नाव, अकोल्यात शिकणाऱ्या मुलीचं नाव, गावातलं घर, यातलं काहीही त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारायचं सोडून दिलं होतं. त्या बाकावर बसल्या आणि अर्धं पान भरून लिहिलं. दोघांची नावं, दोन्ही फोन नंबर, कोणत्या फाट्यावर उतरायचं, तिथून कुणाच्या दुकानावरून वळायचं, सगळं. वही परत देताना म्हणाल्या, "घरी ये. पन हे कोनाले सांगू नोको."

म्हणून त्या पानावरची नावं मी इथेही लिहिलेली नाहीत.