बसमध्ये ऐकलेली शारोन

ज्योत्स्ना खंडारे यांनी हिंगणघाटच्या एका लहानशा चर्चमध्ये अठरा वर्षं संडे स्कूल चालवलं. आठवडाभर बालवाडीत शिकवायचं, रविवारी चर्चमध्ये. वस्तीतली निम्मी ख्रिस्ती मुलं त्यांच्या हाताखालून गेली. कोणाचं पोरगं ऐकेनासं झालं की आया म्हणायच्या, ज्योत्स्नाबाईंना विचारा. म्हणूनच त्यांची स्वतःची शारोन घरात बोलेनाशी झाली, तेव्हा त्यांनी कोणाला विचारावं हे त्यांना कळेना.

चूक आपलीच होती, असं त्या आज स्पष्ट सांगतात. तेव्हा मात्र त्यांना तसं वाटत नव्हतं.

शारोन अठराची, सावंगीला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. रोज सकाळी एसटीने वर्धा, तिथून ऑटोने सावंगी. नोव्हेंबरात गादी उन्हात टाकताना ज्योत्स्नाबाईंना तिची वही सापडली. त्यात एका पानावर लिहिलं होतं, ‘प्रार्थनेला डोळे मिटते तेव्हा आत काहीच नसतं. फक्त मम्मीचा आवाज ऐकू येतो.’ आणि त्याखाली, ‘हे मम्मीला कसं सांगू?’

ज्योत्स्नाबाईंनी वही पदराखाली घेतली. त्यांनी मुलीला एका शब्दानं विचारलं नाही. बुधवारी दुपारी बायकांची प्रार्थनासभा असते, तिथे त्या वही घेऊन गेल्या आणि ते पान सगळ्यांसमोर वाचलं. ‘माझ्या लेकीसाठी प्रार्थना करा’ म्हणाल्या आणि रडल्या. बायकांनी मनापासून प्रार्थना केली. पण रविवारी चर्चच्या पाळकांच्या पत्नी, पाळकबाई, यांनी दारातच शारोनच्या डोक्यावर हात ठेवला आणि, ‘प्रभू, या लेकराचा अविश्वास दूर कर,’ असं साऱ्या मंडळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. शारोनने वळून आईकडे पाहिलं.

त्या दिवसापासून ती आईशी बोलली नाही. जेवायला वाढलं की ताट घेऊन दुसऱ्या खोलीत. वडील शामुवेल जिनिंगमध्ये फिटर, कापसाचा हंगाम सुरू असल्यामुळे बाराबारा तास कामावर. त्यांच्याशी ‘हो’, ‘नाही’ एवढंच. चर्चला जाणंही तिने सोडलं. जानेवारीत मंडळीतल्या दोघा वडीलधाऱ्यांनी घरी येऊन ज्योत्स्नाबाईंना सांगितलं, ‘बाई, थोडे दिवस संडे स्कूलला आराम द्या. आधी घरचं पाहा.’ चहा न घेताच ते उठले.

आणि ज्योत्स्नाबाई घरचं पाहू लागल्या, म्हणजे आणखी घट्ट धरू लागल्या. उशाशी बायबल ठेव, दारामागे त्यातल्या वचनाचा कागद लाव. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी त्यांनी पोळ्यांच्या घडीवर, फॉइलच्या आत, वचनाची चिठ्ठी ठेवली. शारोनने डबा उघडून पाहिला. चिठ्ठी काढून ओट्यावर ठेवली.

‘मम्मी, आता डब्यातपण?’

कित्येक महिन्यांत आईशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य. ती निघून गेली.

साडेअकराला बालवाडीत फोन आला. शारोनच्या वर्गशिक्षिका होत्या. ‘शारोन आजारी आहे का? मंगळवारपासून आली नाही.’

मंगळवारपासून? रोज युनिफॉर्म घालून सकाळी निघणारी, संध्याकाळी वेळेवर परत येणारी मुलगी चार दिवस होती कुठे? ज्योत्स्नाबाईंनी तिला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. शामुवेलना लावला तर मागे यंत्रांचा आवाज. ‘मी स्टेशनकडं पाहतो, मग वेणा नदीच्या पुलाकडं,’ ते म्हणाले. पुलाकडं का, हे दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.

हातात फोन आणि पायात बालवाडीतली रबरी चप्पल, तशाच त्या बसस्टँडवर आल्या आणि लागलेल्या वर्धा गाडीत चढल्या.

‘मॅडम, तिकीट.’

कंडक्टर बाई चाळिशीपुढच्या, खाकी सदऱ्यावर दीपमाला ढोले अशी पट्टी. ज्योत्स्नाबाईंनी पैसे देण्याऐवजी फोनमधला फोटो पुढे केला. ‘ही मुलगी... या गाडीनं जाते का?’

‘हे? हे तर शारोन! आठच्या गाडीले रोज असते ना माह्यासोबत.’ मग त्यांनी ज्योत्स्नाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिकिटाचं मशीन खाली घेतलं. ‘काय झालं, ताई?’

‘कॉलेजात नाही ती. चार दिवस झाले.’

गाडी गावाबाहेर पडली तशा दीपमालाबाई शेजारच्या सीटवर टेकल्या. ‘मले वाटलंच होतं काहीतरी गडबड आहे. मंगळवारी वर्ध्याले उतरली आन सावंगीचा ऑटो सोडून सेलूच्या गाडीत बसली. बुधवारी पण तेच. मी विचारलं, पोरी, कुठं जाऊन राह्यली? तर म्हणे, पवनारले. बाकी काही सांगितलं नाई. म्हणून सेलूच्या गाडीवर आमचे भैय्याजी आहे, त्याईले म्या सांगून ठेवलं, ह्या पोट्टीवर नजर ठेवजा, कुठं उतरते ते पाहून ठेवजा.’

‘पवनारला कुठे?’

‘थांबा, फोन लावते.’

पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं. दीपमालाबाई ‘हो... कितीले?... एकटीच ना?’ एवढंच बोलत होत्या. फोन ठेवून त्या म्हणाल्या, ‘आजपण उतरली. धाम नदीच्या पुलापाशी.’

पुलापाशी. ज्योत्स्नाबाईंनी शामुवेलना फोन करून पवनारचं सांगितलं, ती परतलीच तर म्हणून घरी थांबायला सांगितलं, मग समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला. वर्धा अजून तासभर लांब होतं. गाडी हात दाखवला की थांबत होती. कोणी गाठोडं चढवत होतं, कोणी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होतं. प्रत्येक थांब्याला त्यांना वाटे, आपण उतरून पळत सुटावं. प्रार्थना करायला त्यांनी डोळे मिटले. शब्द आलेच नाहीत. आत नुसता पूल होता.

वायगाव सुटल्यावर दीपमालाबाई पुन्हा शेजारी येऊन बसल्या.

‘एक गोष्ट सांगू का तुमच्या पोरीची? डिसेंबरात गाडीत एका माणसाले फिट आली. तोंडाले फेस, हातपाय झाडून राह्यला. सगळे मागं सरकले. खोटं कशाले बोलू, मी पण. हे पोट्टी खाली बसली, त्याले कुशीवर केलं, डोक्याखाली आपली बॅग देली. कोणी म्हणे कांदा हुंगवा, कोणी म्हणे चप्पल हुंगवा. तर कशी जोरात वरडली, काही हुंगवू नका, हवा येऊ द्या! मग त्याची उलटी आपल्या ओढणीनं पुसली. मी विचारलं, पहिल्याच वर्षी हे शिकवते का व कॉलेजात? तर म्हणे, कॉलेजात नाही, माझी मम्मी करते असं. तिच्या बालवाडीत एका मुलीला फिट यायची.’

बालवाडीतल्या रक्षाला झटका येई तेव्हा शारोन सातवी-आठवीत होती. शाळा सुटल्यावर येऊन ती दारात उभी राहायची. ती पाहत होती, हेसुद्धा ज्योत्स्नाबाईंच्या लक्षात नव्हतं.

‘माझ्याशी बोलत नाही ती,’ त्या म्हणाल्या. मग सगळं बाहेर आलं: वही, सभा, पाळकबाई, दारातली प्रार्थना. नाव पट्टीवर वाचलेल्या बाईला त्यांनी ते सांगितलं, जे पाळकांनासुद्धा नीट सांगितलं नव्हतं.

दीपमालाबाई म्हणाल्या, ‘माह्या अश्वजितनं विहारात येणं सोडलं होतं. वंदनेले चल म्हटलं का उठून जाये. लोक काय म्हणतील म्हणून मी त्याले त्याच्या दोस्तांसमोर नाई नाई ते बोलले. दीड वर्ष, ताई. एका घरात राहून दीड वर्ष बोलला नाई. शेवटी माफी मागितली मीच. पोटच्या पोराची माफी मागाची म्हणजे लय जड जाते. पण मागितली.’

‘मग येतो आता विहारात?’

‘विहारात? नाई.’ त्या उठल्या, कारण कोणीतरी घंटीची दोरी ओढली होती. ‘घरी येते. पुण्यावरून सुट्टी निघाली का पहिले घरी येते.’

वर्ध्याला त्यांनी स्वतः ज्योत्स्नाबाईंना हाताला धरून सेलूच्या गाडीत बसवलं आणि त्या कंडक्टरला बजावलं, ‘पुलापाशी थांबवजा.’

पवनारला उतरल्या तेव्हा दीड वाजून गेला होता. ज्योत्स्नाबाई आधी पुलावर धावल्या. कठड्यावरून खाली पाहिलं. खडक, कडेचं शेवाळ, मध्ये संथ पाणी, काठावर धुणं धुणाऱ्या दोघी. पांढरा युनिफॉर्म कुठेच नाही. त्यांनी हाक मारली, पण मागून ट्रक गेला आणि त्यात हाक बुडाली.

‘ओ बाई! हिकडं या!’

पुलाच्या तोंडाशी, पेरू आणि बोरांची टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. गोंदलेले हात, एका पायाला पांढरी पट्टी. ‘त्या नरशीन पोरीची माय का तू?’

‘कुठे आहे ती?’

‘हाये, हाये. जित्ती हाये. पहिले बस.’ म्हातारीने त्यांचा हात असा धरला की सोडवता येईना. तांब्यातलं पाणी पुढे केलं. ‘अशा तोंडानं जाशीन तं पयून जाईन ते. पी.’

त्या प्यायल्या. म्हातारीचं नाव धुरपता. तिने टोपलीमागून एक जोड काढून दाखवला. शारोनचे कॉलेजचे पांढरे बूट.

‘पहिल्या दिशी लय येळ पान्याकडं पाहत उभी होती. मले बरं नाई वाटलं. म्या म्हटलं, पोरी, खाली उतरतं तं बूट हितं ठेव, म्या राखते. मंग दर घटकेले वरडे म्या, बूट कुत्रं नेईन व, ये लवकर! तं यावंच लागे तिले.’ धुरपता हसली नाही. ‘चार दिस झाले, रोज बूट माह्यापाशीच ठेवते.’

ज्योत्स्नाबाईंनी बूट उलटेपालटे करून पाहिले.

‘आन हे पाय.’ तिने पट्टीचा पाय पुढे केला. ‘महिन्याभराची जखम. वास ये. पोरगं बी जवळ येत नसे. इनं उकळलेलं पानी आनून रोज धुतली, पट्टी बांधली. म्या इचारलं, तुले किळस नाई ये? म्हने नाई. बाई, हे कोनीतरी शिकवलंच असंन ना तिले? आपोआप तं येत नाई.’

मग तिने खालच्या पायऱ्यांकडे बोट केलं. ‘जाय आता. आन बोलू नको जास्त.’

शारोन घाटाच्या सगळ्यात खालच्या पायऱ्यांवर, एका दगडी ओट्याच्या आडोशाला बसली होती. म्हणून पुलावरून दिसली नव्हती. आईला पाहून ती उभी राहिली. एक पाय मागे गेला. मागे पाणी होतं.

ज्योत्स्नाबाई तिथेच थांबल्या, चार पायऱ्या वर. पुढे जावं की नाही? त्या खाली बसल्या.

‘मी ते वाचायला नको होतं,’ त्या म्हणाल्या. ‘आणि वाचलं होतं तर तुझ्यापाशी यायला हवं होतं. मी घाबरले. तुझ्यासाठी नाही घाबरले, शारोन. माझ्यासाठी. लोक म्हणतील, हिची पोरगी अशी. मला माफ कर.’

शारोन बसली, पण तोंड पाण्याकडे.

‘सोमवारी वर्गात हिंगणघाटच्याच एकीनं विचारलं, तुझ्या अंगात काहीतरी आहे म्हणे, खरं का? सगळ्या डबा खात होत्या. कुणीच माझ्या बाजूला सरकलं नाही.’

‘तू...’ ज्योत्स्नाबाईंना विचारवत नव्हतं, पण त्यांनी विचारलं. ‘तू पाण्यात जाणार होतीस?’

‘मंगळवारी मला माहीत नव्हतं काय करणार आहे ते.’ मग म्हणाली, ‘नंतर आजीचा पाय पाहिला.’

बरीच वचनं ज्योत्स्नाबाईंच्या तोंडाशी आली. एकही त्यांनी बाहेर येऊ दिलं नाही. ‘मी काय करू, सांग,’ एवढंच विचारलं.

‘सगळ्यांसमोर वाचलंस ना. मग सगळ्यांसमोर सांग.’

पुढच्या बुधवारी ज्योत्स्नाबाई सभेत उभ्या राहिल्या. शारोन वर्गाला सुट्टी टाकून आली होती. आत मात्र आली नाही, व्हरांड्यात खिडकीपाशी थांबली. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, ‘मी माझ्या मुलीची वही तुमच्यासमोर वाचली. ती प्रार्थनेची विनंती नव्हती, चहाडी होती. तिच्या अंगात काही नाही. तिला प्रश्न पडले आहेत. ज्यांनी ज्यांनी हे बाहेर सांगितलं, त्यांनी जाऊन खरं काय ते सांगावं.’ कोणी ‘आमेन’ म्हटलं नाही. एक बाई पुटपुटल्या, ‘आता कशाला उकरून काढायचं?’ पाळकबाई पुढचं गीत सांगायला लागल्या. मग मध्येच थांबल्या, बाहेर गेल्या आणि व्हरांड्यात शारोनशी काहीतरी बोलल्या. काय, ते शारोनने अजून सांगितलेलं नाही. दोघी आत आल्या नाहीत, एवढं खरं.

सगळं लगेच सुरळीत झालं नाही. शारोन वर्गात परत गेली. वर्गशिक्षिकांनी तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सुरुवातीला ती चिडली, मग जाऊ लागली. ज्योत्स्नाबाईंना संडे स्कूल जूनपर्यंत परत मिळालं नाही. मिळालं तेव्हा पहिल्या रविवारी फक्त सात मुलं आली होती.

मे महिन्यात दीपमालाबाईंची दुसऱ्या मार्गावर बदली झाली. ज्योत्स्नाबाई मिठाईचा डबा घेऊन स्टँडवर गेल्या तेव्हा कळलं. त्यांनी तो डबा सकाळच्या गाडीच्या नव्या कंडक्टरला दिला. का दिला, हे त्या बिचाऱ्याला समजलं नाही.

शारोन आता दुसऱ्या वर्षाला आहे. चर्चला अजून येत नाही. रविवारी ज्योत्स्नाबाई निघतात तेव्हा ती दारापर्यंत येते, ‘लवकर ये, मम्मी, भूक लागते,’ म्हणते आणि कडी लावून घेते.