क्वांटम मशीनला लिंबू-मिरची

गाववाल्यांनो, इकडे अंधेरीत आज मजाच झाली.

हृदयाच्या ठोक्यांचं बारीकसं चुंबकत्व पकडणारं आमचं क्वांटम मशीन इतकी वर्षं लॅबमध्येच होतं. आज पहिलं गिऱ्हाईक आलं, मुलुंडच्या हॉस्पिटलचे डॉक्टर. ते स्वतःच मशीनखाली झोपले, पण स्क्रीनवरची रेघ नुसती डुलत राहिली. मशीन बनवणाऱ्या आमच्या मॅडमचा चेहरा उतरला.

मग त्यांना मशीनमागे पंख्याच्या वाऱ्यावर झुलणारी लिंबू-मिरची दिसली, लोखंडी तारेत ओवलेली.

"संत्या, हे तुझं काम ना?"

"दृष्ट लागू नये म्हणून, मॅडम," मी म्हणालो.

काढली, तशी रेघ ठोक्याला ठोका देऊ लागली. डॉक्टर हसायलाच लागले. "एवढीशी तार कळते याला? मग द्या आम्हाला एक मशीन."

मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वेळी दोऱ्यात ओव रे."

आता तुम्हीच सांगा, लिंबू-मिरचीने काम केलं की नाही?