आगीचं पाणी

कोरडं ढेकूळ पाण्यात पडलं की आधी चुर्र असा आवाज येतो, मग बुडबुडे येतात. तो आवाज मी पहिल्यांदा दशरथभाऊ कुंभाराच्या अंगणात नीट ऐकला. गोंदिया जिल्हा आपल्या भंडाऱ्यापासून वेगळा झाला, त्या सुमाराची गोष्ट. मी त्याच्याकडे माती तुडवायला नवीनच लागलो होतो.

"हे काय वाजून राहिलं?" मी विचारलं.

"मातीच्या पोटात हवा होती. पाणी आत घुसलं, हवा बाहेर निघाली," तो म्हणाला. "घर एकच हाय न गा! दोघं कसे मावतीन?"

त्या अंगणात मी बरीच वर्षं काढली. तिथले किस्से मी मुद्दाम जमा केले नाहीत. माठाच्या तळाशी गाळ बसावा तसे ते बसत गेले. कोणी विचारलं की हलतात आणि वर येतात.

* * *

माती करडी गावाकडच्या एका बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, यायची. दशरथभाऊ सुकं ढेकूळ तोंडाजवळ धरून त्यावर 'हाऽ' करून गरम श्वास सोडायचा आणि लगेच हुंगायचा. चांगली चिकण माती असली की ती श्वासातली ओल पिते आणि ओल्या जमिनीसारखा वास सोडते.

एकदा गाडीवाल्याने काठावरचीच माती भरून आणली. दशरथभाऊने हा केलं, हुंगलं. पुन्हा हा केलं, पुन्हा हुंगलं.

"काहून भाऊ, काय झालं?"

"काही नाही. ही रेती हाय बापू, मातीचे कपडे घालून आली!"

गाडीवाल्याने हसतच बैल वळवले.

* * *

सून मंदा पोटुशी होती तेव्हा भाजलेल्या पणत्यांच्या कडा कुरतडलेल्या सापडू लागल्या. दशरथभाऊची बायको, शेवंताकाकू, रोज उंदरांना शिव्या द्यायची. एक दिवस मंदाच्या जिभेला खापराचा तुकडा चिकटून बसला. कोरडं खापर जिभेवरचं पाणी ओढून घेतं आणि तिथेच धरून राहतं. बिचारीला बोलताही येईना.

"शिव्या बंद कर," दशरथभाऊ बायकोला म्हणाला. "उंदीर घरचाच हाय. नातू जन्माच्या आधीच दुकान खाऊन राहिला!"

* * *

दशरथभाऊ म्हणायचा, मातीत दोन पाणी असतात. एक उन्हाचं, ते ऊन घेऊन जाते. दुसरं मातीच्या अंगाला बिलगून बसते. ते फक्त आगीचं ऐकते.

म्हणून मडकी भाजायचा आवा रचला की आधी अगदी मंद जाळ द्यायचा. वरच्या भोकावर थंड पितळी ताटली धरायची. ताटलीला घाम आला, म्हणजे पाणी अजून निघते आहे. ताटली कोरडी राहिली की मगच जाळ वाढवायचा.

मुलगा रमेश घाईचा होता. उन्हाळ्याच्या मडक्यांचा आवा, बाजार तोंडावर आलेला. ताटली न धरताच त्याने लाकडं कोंबली. आत फटाफट मडकी फुटू लागली. अडकलेल्या पाण्याची वाफ झाली आणि तिला वाट मिळेना. आम्ही सगळे नुसते ऐकत उभे राहिलो.

दशरथभाऊ ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "रमेश, आता तू चाक फिरव. आगीजवळ येऊ नोको."

तेव्हापासून रमेश मडकी घडवायचा, वाळवायचा, रचायचा. पण पेटवायची वेळ आली की दूर पळसाखाली जाऊन उभा राहायचा. मडकी त्याच्या हातची, आणि त्यांना आग द्यायला तोच परका! हे त्याला फार लागून राहिलं होतं.

"पोराले एकदा तरी जवळ बोलवा न," शेवंताकाकू म्हणायची.

"मडकी पुन्हा घडवता येते," दशरथभाऊ म्हणायचा. "त्याची घाई कोणत्या चाकावर घडवू?"

* * *

भंडाऱ्याच्या कॉलेजातली एक मुलगी प्रोजेक्टसाठी मातीचे नमुने न्यायला आली. दशरथभाऊने तिला आपलं जुनं कोडं घातलं. खडखडीत वाळलेली मडकी ढगाळ दिवसांत, पावसाचा थेंब नसताना, पुन्हा ओलसर कशी होतात?

"काका, हवेतली वाफ मातीला चिकटते," ती म्हणाली. "चिकण मातीचे फार बारीक पापुद्रे असतात, वहीच्या पानांसारखे. पाणी त्या पानांमध्येही जाऊन बसतं."

दशरथभाऊने एक ढेकूळ उचलून हुंगलं. मग शेवंताकाकूकडे वळला.

"माफ कर व. मले वाटे, तूच पाणी शिंपडून राहिली!"

चाकावर बसलेला रमेश किती तरी दिवसांनी मोठ्याने हसला.

* * *

पुढे दशरथभाऊच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. तो कोणाला सांगत नव्हता. पण मडकं हातात घेतलं की पाहण्याऐवजी चाचपायचा.

एका ढगाळ सकाळी आवा पेटवला. बऱ्याच वेळाने त्याने ताटली धरली, डोळ्यांजवळ नेली.

"कोरडी हाय. लावा जाळ."

मी लाकूड उचललं. मंदाने माझ्याकडे पाहिलं. ताटलीवरून थेंब ओघळत होते. लाकूड माझ्या हातात तसंच राहिलं.

पळसाखालून रमेश आला. आव्याच्या इतक्या जवळ तो किती तरी वर्षांनी आला होता.

"बाबा, अजून पाणी निघून राहिलं. थोडं थांबू न."

"तू मले थांब म्हणून राहिला?"

"मी नाही, बाबा. ताटली म्हणून राहिली."

दशरथभाऊने ताटली गालाला लावली. तशीच धरून ठेवली. गालावरून पाणी खाली उतरलं, दाढीत गेलं. मग त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याने ताटली दोन्ही बाजूंनी पुसली, रमेशच्या हातात दिली आणि कुंपणाला हात लावत लावत घराकडे चालू लागला.