थाप निस्तरायला विश्रांतवाडीला

गेल्या वर्षी अटलांटाला लेकीकडे असताना मी एक थाप मारली होती. ती निस्तरायला परवाच्या रविवारी कोथरूडहून विश्रांतवाडीला जावं लागलं.

लेकीच्या शेजारी लोरेन राहते. शाळेत नर्स होती, आता निवृत्त, माझ्याच वयाची. एका शनिवारी ती मला चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेली. एकाच रंगाचे ब्लाउज घातलेल्या कृष्णवर्णीय बायका लोकांचा रक्तदाब मोजत होत्या, मुलांना वह्या वाटत होत्या. ही त्यांची सोरॉरिटी, म्हणजे कॉलेजात असताना जोडलेला भगिनीसंघ. "तुमच्याकडे असं काही आहे?" तिनं विचारलं. मी ऐटीत म्हणाले, "आहे ना. माझ्या आईनं मैत्रिणींबरोबर सुरू केलं. मी अजून जाते."

शेवटचं वाक्य खोटं होतं. आई गेल्यानंतर बावीस वर्षं मी तिकडे फिरकले नव्हते. आधी नोकरीचं निमित्त होतं, मग लाज. कोथरूडात कुणी काही विचारलं नाही आणि मीही आपण कुठल्या ते सांगितलं नाही.

या जानेवारीत लोरेन लेकीबरोबर पुण्यात आली. तिला पहिल्यांदा काय बघायचं होतं, तर माझं मंडळ.

जाणाऱ्यांसाठी सांगते. वनाजहून मेट्रोनं येरवडा, तिथून रिक्षा. मेट्रोला माणशी तीसेक रुपये, रिक्षाला साठ-सत्तर. सकाळी नऊच्या आत निघालात तर बसायला जागा मिळते. रिक्षावाल्यानं आम्हा दोघींकडे पाहून दीडशे सांगितले. मी म्हटलं, "मी इथलीच आहे." तो म्हणाला, "मग बाई, भाव कशाला विचारताय? मीटर आहे की."

मेट्रोत लोरेन तिच्या आजीबद्दल बोलली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कॉलेजात पोचलेल्या कृष्णवर्णीय मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांनी एकमेकींना धरून ठेवलं, बायकांच्या मताधिकारासाठी मोर्चात चालल्या, खेड्यांत शाळा आणि दवाखाने चालवले. आजी त्यातच होती. "पदवी मिळाली की संपत नाही ते," ती म्हणाली. "मरेपर्यंत बहीण." मी खिडकीबाहेर नदी बघत राहिले. मंडळातल्या बायका हिच्यासमोर मला काय म्हणतील?

त्यांना म्हणायचा हक्क होता. कँपातल्या कॉन्व्हेंटनं मला आधी प्रवेश नाकारला, तेव्हा याच बायका आईबरोबर मदर सुपीरिअरच्या दाराशी तीन दिवस उभ्या राहिल्या होत्या. माझं सगळं इंग्रजी त्या तीन दिवसांचं आहे.

मंडळाची खोली विहाराच्या मागे. बाहेर चपलांची रांग, आत सतरंजीवर तीसेक बायका. वंदना नुकतीच संपली होती. आम्ही दाराजवळ टेकलो. सुमनताई हजेरी घेत होत्या. आईच्या मैत्रिणींपैकी आता त्याच उरल्यात, वय पंच्याऐंशीच्या पुढे. इथली पद्धत अशी की कुणाचं नाव कधी खोडत नाहीत. जी आली नसेल तिच्यासाठी शेजारीण कारण सांगते.

"मंगल शिंदे."

"ड्यूटीवर."

"कविता गायकवाड."

"सुनेचं बाळंतपण."

"विजया कांबळे."

हे माझं नाव. मी नुसता हात वर केला. तेवढ्यात पुढे बसलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी, जिनं मला जन्मात पाहिलं नव्हतं, सवयीनं म्हणाली, "रजेवर."

सुमनताईंनी चष्म्यावरून दाराकडे पाहिलं. "रजेवरच्या बाई दारात बसल्यात. तोंड आहे ना, विजू?"

"हजर," मी म्हणाले.

"हं," म्हणून त्यांनी पुढचं नाव घेतलं.

लोरेननं कानात विचारलं, "काय झालं?" मी तिला सगळं सांगितलं, थापेसकट. ती इतकी हसली की दोन बायकांनी वळून पाहिलं. "आमच्याकडे अशा कितीतरी आहेत," ती म्हणाली. "त्या परत आल्या की आम्ही त्यांना आधी खुर्च्या उचलायला लावतो."

इथेही तेच झालं. चहा-पोह्यांच्या वेळी लोरेन रक्तदाब मोजायला बसली आणि सुमनताई माझ्यापाशी आल्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "अभ्यासिकेत दहावीच्या बारा मुली आहेत. इंग्रजीला कुणी नाही. गुरुवारी चार वाजता ये. आणि हो, पोहे संपव, टाकू नकोस."

एवढंच. बावीस वर्षांचा हिशेब त्यांनी मागितलाच नाही. मी पोहे संपवले.

तुम्ही गेलात तर मिठाई नेऊ नका, कोऱ्या वह्या न्या.

परतताना आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या जोशीबाई भेटल्या. "सकाळीच कुठे दौरा?" एरवी मी 'नातेवाइकांकडे' म्हणाले असते. या वेळी सांगितलं की विश्रांतवाडीला आमच्या बौद्ध महिला मंडळात गेले होते, आईनं सुरू केलेल्या. बाईंनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "बरं झालं, कळलं. सोसायटीच्या मीटिंगलाही येत जा कधीतरी."

लिफ्टचं दार उघडलं. मी लोरेनला बोलणं समजावून सांगत घरात शिरले आणि चपला काढायच्या आधी कॅलेंडरवर सगळे गुरुवार गोल करून टाकले.