पाणी लागल्यानंतर

हॉस्पिटलच्या शिवणखोलीत टेलरबाईंनी उभं आयुष्य काढलं. चादरींच्या कडा, पडदे, ऑपरेशनचे झगे. हिरव्या कापडाखेरीज दुसरा रंग हाताखालून क्वचितच गेला. लग्नाचं राहूनच गेलं. धाकट्या बहिणीचा बेत होता, की दोघींनी गावाबाहेर तुकडाभर जमीन घ्यायची, दोन खोल्या बांधायच्या आणि म्हातारपणी एकमेकींचं डोकं खायचं. जमीन घेतली, खोल्याही उभ्या राहिल्या. तेवढ्यात बहिणीला नातू झाला. ती लेकीकडे म्हणून गेली, ती तिकडचीच झाली. टेलरबाई निवृत्त झाल्या आणि शिलाई मशीन घेऊन एकट्याच राहायला आल्या.

जागा छान होती, फक्त पाणी नव्हतं. कुंपणापलीकडे वायरमन आणि त्याची बायको राहत. त्यांच्या नळावरून टेलरबाई सकाळ-संध्याकाळ बादल्या भरून आणत. बादली भरेपर्यंत गुडघे, हवा, कोंबड्या असं काहीबाही बोलणं व्हायचं. दिवसभरात तेवढंच.

एका सकाळी त्या फाटकाशी पोचल्या, तर आतून वायरमनच्या बायकोचा आवाज आला. "आली बघ पाणीवाली. आता हिच्याशी बोलत बसा."

त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून जास्त लागलं. टेलरबाई रिकामी बादली घेऊन आल्या पावली मागे फिरल्या. दुपारी बोअरवाल्याला फोन लावला.

बोअरची गाडी आली ती फाटकाचा एक खांब तिरका करूनच. बोअरवाला पन्नाशीचा, घसा बसलेला. आयुष्यभर कॉम्प्रेसरवर ओरडून आवाजाचं पार मातेरं झालेलं. बरोबर दोन कामगार. त्यानं जागा पाहिली, घराच्या मागच्या कोपऱ्यात टाचेनं खूण केली आणि म्हणाला, "मावशी, खिडक्या लावून घ्या. तुमच्या घराला पावडर लागणार आहे आज."

मशीन सुरू झालं आणि जमीन हादरायला लागली. फडताळातल्या कपबश्या थरथरल्या. आधी तांबडा मुरूम बाहेर आला, मग काळ्या खडकाचा भुगा. एकामागून एक रॉड खाली जात होता आणि वर नुसता धुरळा. टेलरबाईंनी तिघांसाठी भात-भाजी केली. वाढताना पाहिलं, तर घरात ताटं दोनच. नाइलाजानं एकाला पातेल्याच्या झाकणात वाढलं. "ह्याला झाकणच बरं," बोअरवाला म्हणाला, "ताटात वाढलं की जास्त खातो." टेलरबाई इतक्या हसल्या, की त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

संध्याकाळपर्यंत पाणी लागलं नाही. बोअरवाल्यानं मशीन थांबवलं.

"खडक कोरडा आहे, मावशी. ठरलं होतं तेवढं खाली गेलो. पुढे जायचं की सोडायचं, तुम्ही सांगा."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला दर वेळी लागेलसंच वाटतं. माझं ऐकू नका."

टेलरबाईंनी कुंपणाकडे पाहिलं. पलीकडे वायरमनची बायको दोरीवरचे कपडे काढत होती; तिनं वर मान केली नाही.

"जा खाली," टेलरबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुरळ्याचा रंग गडद झाला, मग त्याचा चिखल झाला, आणि एकदम राखाडी पाण्याचा फवारा वर उसळला. कामगार भिजले. टेलरबाईंच्या चष्म्यावर चिखल उडाला. तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "लागलं, मावशी," बोअरवाला बसक्या आवाजात म्हणाला.

बोअरमध्ये पाइप बसला, मोटर उतरली, गाडी गेली. टेलरबाईंनी घर पुसून काढलं. स्वयंपाकघरात नळ आला. बटण दाबलं की पाणी. आता सकाळी कुठे जायचं नव्हतं, संध्याकाळीही नव्हतं. वायरमनची बायको एकदा कुंपणाशी येऊन "लागलं वाटतं पाणी," एवढंच म्हणाली. टेलरबाई "हो," म्हणाल्या. मग दोघी आपापल्या घरात गेल्या. एके दिवशी बहिणीचा फोन आला, तेव्हा टेलरबाईंचा आवाज फुटेना. खाकरून घ्यावं लागलं. आदल्या दिवसापासून तोंडातून शब्दच निघाला नव्हता.

मग त्यांनी बोअरवाल्याला फोन केला. पाणी गढूळ येतंय म्हणाल्या.

तो दोन दिवसांनी आला, वाट वाकडी करून, एकटाच. मोटर लावली, ओंजळ धरली. पाणी काचेसारखं. त्यानं एक घोट घेतला, पुन्हा ओंजळ भरून उजेडात पाहिली.

"स्वच्छ आहे की."

"आज आहे," टेलरबाई म्हणाल्या. "काल नव्हतं."

बोअरवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग मोटर बंद केली आणि पायरीवर बसून बूट काढले.

"चहा टाका मावशी," तो म्हणाला. "जरा वेळानं पुन्हा लावून बघू."

जरा वेळानं त्यानं पुन्हा लावून पाहिली. पाणी तसंच स्वच्छ आलं. त्याला पुढच्या कामावर जायचं होतं. टेलरबाई फाटकापर्यंत गेल्या, आणि गाडीचा आवाज पार विरेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.