आमचे सख्खे दाजी

नांदेडच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि कुणी विचारलं नाही तरी नैतिकतेवर बोलतो. ‘दुसऱ्याचं वाक्य उचलू नका,’ असं पोरांना बजावणारा मी, शोधनिबंधाचं शेवटचं वाक्य मात्र दरवेळी आदल्या निबंधातून उचलायचो: ‘लेखकाचे कोणतेही हितसंबंध गुंतलेले नाहीत.’ आमच्या विभागात सगळेच तसं करत. आरतीनंतरच्या मंत्रपुष्पांजलीसारखं ते वाक्य. म्हणून मोकळं व्हायचं, अर्थ विचारायचा नाही.

तो निबंध सोयाबीनच्या बियाण्याला चोळायच्या जिवाणू खतावर होता. खत चांगलं निघालं, हे खरंच. फक्त ते रेणापुरात माझा मेव्हणा बनवतो, पाकिटं त्यानंच फुकट दिली होती आणि प्रयोगाच्या दिवसांत त्याच्याकडे मी मटण हाणलं होतं, एवढं लिहायचं राहिलं. विसरलो म्हणायची सोय नाही. लिहिलं तर निबंध अडेल आणि निबंध अडला की बढती अडेल, हे पक्कं ठाऊक होतं.

निबंध छापून आला. मेव्हण्यानं लगेच शेतकऱ्यांचा मेळावा भरवला. मला शाल, श्रीफळ, फेटा. मग माईक धरून तो गरजला, "इंग्रजी मासिकात आलंय! अन् लिहिनारे कोन? आमचे सख्खे दाजी!"

संपादकापासून लपवलेलं त्यानं भोंग्यावरून साऱ्या गावाला सांगितलं. पहिल्या रांगेतले एक म्हातारे शेजाऱ्याला म्हणाले, "दाजी व्हय? मग वंगाळ कसं लिहितील? बायकू घरात घेईल का?"

सगळे हसले. फेटा सावरत मीही हसलो, पण कानशिलं तापली. मासिकाच्या दोन परीक्षकांना जे दिसलं नाही, ते या माणसाला बसल्या जागी दिसलं. मला खरोखर लाज वाटली.

परतताना बसमध्येच बायकोला सांगितलं, संपादकाला कळवतो. ती म्हणाली, "कळवा. तुमची बढती काय, कधी बी व्हईल. भावाला तेवढं वाईट वाटंल."

दुरुस्ती छापून आली: खताचा उत्पादक लेखकाचा मेव्हणा आहे. बढतीच्या समितीनं तो निबंध बाजूला ठेवला. मेव्हण्याला वाईट वगैरे काही वाटलं नाही. इंग्रजीत आपला उल्लेख आला म्हणून त्यानं ती दुरुस्तीच चौकट करून दुकानात टांगली. येईल त्याला मराठीत समजावून सांगतो.

परवा तिथं गेलो तर तेच म्हातारे चौकटीखाली उभे.

"दाजी, आता खरं सांगा. खत चांगलं हाय का?"

"चांगलं आहे."

माझ्याकडे नीट बघून त्यांनी एकच पाकीट उचललं. म्हणाले, "आधी एका एकराला लावून बघतो."